संध्याकाळची गाडी

गेल्या रविवारी लेकीनं जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीला टेकवून फोन उभा केला, पलीकडे तिचा होणारा नवरा, आणि दोघांनी घरांची यादी वाचायला घेतली. लग्न फेब्रुवारीत आहे. यादीत कळवा, ऐरोली, घोडबंदर रोडवरची दोन संकुलं, पलावा, बदलापूर आणि सगळ्यात शेवटी, बहुधा मी समोर बसलेय म्हणून घातलेली, डोंबिवली. प्रत्येक नावापुढे भाव, आणि भावापुढे मिनिटं. लेकीचं ऑफिस ऐरोलीला, जावईबापूंचं बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात. मिनिटं फोननंच काढून दिलेली.

"डोंबिवली ते ऐरोली पंचेचाळीस मिनिटं. वाईट नाहीये, आई."

"येताना?"

"येताना काय?"

"येताना किती?"

"तेवढीच ना. तोच रस्ता आहे."

हेच वाक्य मी १९९८ मध्येही ऐकलं होतं, आणि ऐकवणाऱ्याला तेव्हाही तितकीच खात्री होती. तो गृहस्थ आत्ता शेजारच्या खुर्चीत बसून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होता. त्यानं मान वर केली नाही, पण पेन थांबलं.

आम्ही तेव्हा गिरगावात राहायचो. सासरच्या दोन खोल्या, माणसं सात, आणि धाकट्या दिराचं लग्न ठरत आलेलं. "घर बघा" असं कुणीही तोंडानं म्हणालं नाही. फक्त रात्री गाद्या घालताना सासूबाई जमिनीकडे जरा जास्त वेळ बघायच्या. नवऱ्याचं ऑफिस फोर्टात, माझं विक्रोळीला एका कारखान्याच्या अकाउंट्स विभागात. मी चर्नी रोडहून दादर, दादरहून स्लो गाडीनं विक्रोळी असा प्रवास करायचे आणि त्यातली मजा मला तेव्हा कळलेली नव्हती. सकाळी सगळी मुंबई दक्षिणेकडे कोंबून चाललेली असायची आणि मी उलट्या दिशेनं, खिडकीत बसून, पाय पसरून. उलट्या दिशेची नोकरी ही या शहरात वारशानं मिळालेल्या दागिन्यासारखी असते. अंगावर असते तोवर कोणी तिचं वजन करत नाही.

नवऱ्यानं शंभर पानी वही केली. स्टेशनवरच्या स्टॉलवरून मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वेची वेळापत्रकं आणली आणि पट्टीनं रकाने आखले. स्टेशन. अंतर. फास्ट थांबते का. गाडी तिथून सुटते का. स्टेशनपासून चालत किती. पाणी. भाव. ती वही अजून माळ्यावर आहे, आणि मान्य करायला हवं की त्या वयाच्या माणसानं केलेलं ते शहाणपणाचं काम होतं. बरेच लोक भावाच्या रकान्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच संपतात. यानं चौथा रकाना घातला होता. गाडी तिथून सुटत असेल तर ती रिकामी लागते, आणि रिकामी लागली तर बसायला मिळण्याची निदान आशा असते. डोंबिवलीहून गाड्या सुटतात. बदलापूर, अंबरनाथ, टिटवाळा इथूनही सुटतात. मधल्या स्टेशनांना मात्र जी येईल ती, आणि येते ती भरलेली.

आमच्या मोठ्या सासऱ्यांच्या लेखी मुलुंडच्या जकात नाक्यापलीकडे मुंबई नव्हतीच. "ठाणं म्हणजे परगाव," असं ते शांतपणे सांगायचे. खरं तर १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघाली ती ठाण्यालाच, ३४ किलोमीटर, आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोचले होते. म्हणजे गाडी आधी आली आणि माणसं दीडशे वर्षं तिच्यामागून धावत राहिली. आम्हीही त्या रांगेत शेवटी जाऊन उभे राहिलो एवढंच.

वसई-विरार पहिल्या फेरीतच बाद झालं. बोरिवलीच्या पुढे तेव्हा दोनच मार्ग होते, चार झाले ते २००७ मध्ये. आणि विरारच्या गाडीत शिरण्यासाठी जी अंगकाठी आणि जी जीभ लागते, ती आमच्या घरात कुणाकडेच नव्हती. मुलुंड खिशाबाहेर. ठाण्यात जे परवडत होतं ते स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर, आणि महिन्याच्या रिक्षाचे पैसे वहीत मांडल्यावर ते परवडेनासं झालं. बदलापूर मला आवडलं होतं. खिडकीतून डोंगर दिसत होते, हवा वेगळी, भाव निम्मा. पण व्हीटीपासून (आताचं सीएसएमटी) ६८ किलोमीटर, आणि एक गाडी चुकली की पुढची कधी, याला वेळापत्रकात जे उत्तर होतं ते नवऱ्यानं दोनदा वाचून वही मिटली. राहिली डोंबिवली, ४८ किलोमीटर. फास्ट थांबते, गाडी सुटते, पूर्वेला स्टेशनपासून चालत नऊ मिनिटांवर चारमजली इमारतीत दुसरा मजला.

नऊ मिनिटं नवऱ्यानं स्वतः चालून मोजली होती. बिल्डरच्या जाहिरातीत पाच होती. बिल्डरची पाच मिनिटं म्हणजे पहाटे, कोरड्या रस्त्यावरून, हातात काही न घेता, तरुण माणसाची. जुलैत, छत्री सावरत, दोन किलो कांदे आणि एक मूल घेऊन किती, हे कोणी छापत नाही. घर दाखवायचंही रविवारीच असतं. रविवारी डोंबिवलीला उतरलात तर फलाटावर गप्पा मारत चालता येतं. मेगाब्लॉक असला तर गाडी उशिरा येते, पण उशीर सुद्धा निवांत असतो. म्हणून नवऱ्यानं सोमवारी रात्री मुद्दाम डोंबिवलीच्या मित्राकडे मुक्काम ठोकला आणि मंगळवारी सकाळी आठ तेराच्या फास्टनं ऑफिसला गेला, खरा प्रवास कसा असतो ते बघायला. घड्याळ काढून खिशात, बॅग पुढे छातीशी. तास आणि दहा मिनिटांत व्हीटी. रात्री गिरगावात येऊन सांगितलं, "जमेल." घाटकोपरनंतर एका पायावरून दोन पायांवर येता आलं, हे त्याला विशेष वाटलं होतं.

"आणि येताना?" असं तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं. मी नाही. मला सुचलंच नाही, आणि याचा मला आजही राग येतो.

"तोच रस्ता आहे," तो म्हणाला.

वहीत माझ्या नोकरीसाठी रकाना नव्हता. डोंबिवलीच्या ओळीखाली बारीक अक्षरात एक नोंद होती: "विक्रोळी – वाटेतच आहे."

वाटेतच आहे! नकाशा काढून बघितला तर खोटं नाही. डोंबिवली ते विक्रोळी साधारण २५ किलोमीटर, म्हणजे त्याच्या प्रवासाच्या निम्मा. फक्त फास्ट गाडी विक्रोळीला थांबत नाही. ती ठाण्याहून सुटली की घाटकोपरला, फार तर मुलुंडला थांबून. मधली स्टेशनं तिच्या खिडकीतून रंगीत पट्ट्यांसारखी निघून जातात आणि त्यातली एक पट्टी म्हणजे माझं ऑफिस. मग माझ्यापुढे तीन रस्ते. स्लोनं सगळी स्टेशनं घेत जायचं. किंवा फास्टनं ठाण्याला उतरून स्लो पकडायची, म्हणजे भरलेल्या गाडीतून उतरण्याची लढाई एकदा आणि भरलेल्या गाडीत शिरण्याची दुसऱ्यांदा. किंवा फास्टनं सरळ घाटकोपर गाठून उलट्या गाडीनं मागं यायचं. तिसरा मार्ग ऐकायला वेडेपणाचा वाटतो, पण आमच्या डब्यात तो करणाऱ्या आठ-दहा जणी होत्या. मी सहा महिने तिन्ही करून बघितले आणि स्लोवर स्थिरावले. निम्मं अंतर असून दारापासून दारापर्यंत मला त्याच्यापेक्षा पंधराच मिनिटं कमी लागायची. किलोमीटर हे माप लोकलला लागूच पडत नाही. तिथं गाडी कुठे थांबते, कुठून भरून येते आणि तुम्ही प्रवाहाच्या कोणत्या बाजूला आहात एवढंच मोजायचं असतं. गिरगाव सोडून मी प्रवाहात पडले होते.

डोंबिवलीकर सीटसाठी आणखी एक करतात, त्याला 'डाऊन करणं' म्हणतात. सकाळी आधी उलट कल्याणला जायचं आणि तीच गाडी परत व्हीटीकडे निघते तिच्यात बसून यायचं. पंधरा-वीस मिनिटं जास्त जातात, पास कल्याणपर्यंतचा काढावा लागतो, पण तासभर बसून जाता येतं. त्यामुळे सुटणाऱ्या गाडीच्या रकान्याला तसा अर्थ राहत नाही, कारण रिकामी म्हणून जी गाडी यायची ती आधीच बसून आलेली असते. महिलांच्या डब्यात यावरून रोज नवं महाभारत. शिवाय दारातून शिरल्या शिरल्या "कुठे उतरणार?" हा प्रश्न, आणि उत्तर ठाणे किंवा मुलुंड असेल तर "मग नंतर मी." अशी एका सीटवर बसलेली एक आणि तिच्या मागे मनातल्या मनात उभ्या दोघी. कुठे लिहून ठेवलेलं नसतं, पण मोडलं तर अख्खा डबा साक्षीला येतो.

तरी हे सगळं सकाळचं. सकाळ सोसता येते. सकाळी उशीर झाला तर ऑफिसात लाल शेरा पडतो, साहेब तोंड वाकडं करतो, संपलं. संध्याकाळी कोणी वाट बघत नसेल तर संध्याकाळही सोसता येते. पहिली दोन वर्षं मी संध्याकाळच्या गाडीबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

२००० मध्ये लेक झाली. सहा महिन्यांनी ती काकूंच्या पाळणाघरात जायला लागली. काकूंचं घर स्टेशनपासून तीन मिनिटांवर, आमच्या वाटेत. दहा-बारा मुलं, एक मदतीची बाई, भिंतीवर पाढे. वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी सव्वासात. सव्वासात म्हणजे सव्वासात, कारण काकूंनाही घर होतं आणि साडेसातला त्यांच्या सासऱ्यांचं जेवण असायचं. नवऱ्याची फास्ट डोंबिवलीला पोचायची आठच्या सुमाराला. म्हणजे आणायला मीच. घर घेताना हा सव्वासातचा आकडा कुठल्याही रकान्यात नव्हता, आणि पुढची सात वर्षं आमचं घर त्या एका आकड्यावर चाललं.

पावणेसहाला ऑफिस सुटायचं. बारा मिनिटं चालून विक्रोळीचा फलाट. इंडिकेटरवर दोन गोष्टी बघायच्या: गाडी कुठली, आणि तिच्यापुढे ९ लिहिलंय की १२. नऊ डब्यांची असेल तर महिलांचा डबा लागायची जागा बदलते, आणि तुम्ही चुकीच्या खांबाशी उभ्या असाल तर पळायचं. संध्याकाळी विक्रोळीला दोन जातीच्या गाड्या येतात. कल्याणची, जी व्हीटीपासून भरत आलेली असते आणि जिच्या दारात घाटकोपरनंतर हात ठेवायला दांडा शिल्लक नसतो. आणि ठाण्याची, जी त्या मानानं मोकळी. ठाणे लोकल सहा दोनला, कल्याण लोकल सहा आठला. रोजचा प्रश्न हा की सहा दोनची सोडायची का. पकडली तर हातची गाडी मिळाली, पण ठाण्याला उतरून पुन्हा तीच कल्याणची अंगावर घ्यायची, आणि तिथं फलाटावर माझ्यासारख्या दोनशे जणी. सोडली आणि कल्याणच्या गाडीत शिरता आलं नाही, तर पुढची सहा एकोणीस, आणि सहा एकोणीस म्हणजे दिवा स्टेशनच्या फाटकानं दया दाखवली तर सात पाच, नाही तर सव्वासातच्या पलीकडे. रूळ ओलांडणाऱ्या वाहनांसाठी फाटक उघडलं की लोकल थांबायची. खिडकीतून फाटकातली वाहनं एकेक करून सरकताना दिसायची आणि मी ती मोजायचे. त्यातला एखादा टेंपो अडकला की माझ्या पोटात खड्डा.

ठाण्याहून कर्जत-कसाऱ्याची फास्ट पकडायचा प्रयत्नही एकदोनदा केला. आत शिरल्यावर "डोंबिवलीला उतरायचं तर स्लो पकडायची ना!" हे इतक्या तोंडांतून आलं की मी पुन्हा त्या वाटेला गेले नाही. त्यांचंही चूक नव्हतं. त्यांना पुढे तासभर उभं राहायचं होतं आणि मी अठरा मिनिटांसाठी दाराची जागा अडवून ठेवणार होते.

काकू उशिराबद्दल कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्या फक्त सव्वासात वाजले की लेकीला बूट घालून, पाण्याची बाटली गळ्यात अडकवून दारातल्या पायरीवर बसवायच्या. गल्लीच्या तोंडाशी वळलं की पहिली ती दिसायची. बूट पायात नसतील तर मी वेळेत आहे. बूट असतील तर मी हरले. पुलावरून उतरताना, पूर्वेच्या जिन्यावर, फेरीवाल्यांच्या टोपल्यांना लाथा लागू न देता धावताना माझ्या डोळ्यापुढे घर, नवरा, बॅलन्स शीट काही नसायचं. दोन लहान लाल बूट असायचे. बकल डावीकडचं तुटलेलं, त्याला काकूंनी रबरबँड लावलेलं.

मग एका शनिवारी वही काढून मी नवऱ्याला दाखवलं. म्हटलं, तू सकाळची गाडी बघायला मुक्काम ठोकलास. एखाद्या बुधवारी संध्याकाळी सहाला विक्रोळीला उभा राहिला असतास तर आपण भांडुपला वन रूम किचन घेतलं असतं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, भांडुपला पाणी यायचं नाही तेव्हा. हे खरं होतं की नाही मला माहीत नाही, आणि त्यालाही नसावं. पण त्या महिन्यापासून आठवड्यातून दोन दिवस तो अर्धा तास लवकर निघायला लागला. फोर्टातलं त्याचं ऑफिस म्हणजे काही आग विझवायचं खातं नव्हतं. आधीही निघता आलं असतं.

२६ जुलै २००५ बद्दल सगळ्यांनी लिहिलंय, मी दोनच गोष्टी लिहिते. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, पण तो आकडा आम्हाला नंतर कळला. तेव्हा एवढंच कळलं की गाड्या उभ्या आहेत आणि फोन लागत नाहीत. मी ऑफिसातल्या चौघींबरोबर रुळांवरून चालत रात्री मुलुंडपर्यंत पोचले, तिथं एकीच्या बहिणीकडे आठ-नऊ जणी जमिनीवर पडलो. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर, थोडं चालत, थोडं ट्रकमधून डोंबिवली. काकूंकडे रात्रभर पाच मुलं राहिली होती. मी गल्लीत वळले तर पायरी रिकामी. आत लेक भात खात बसली होती. काकू म्हणाल्या, "काल आठ वाजता बूट काढले हो मी तिचे. म्हटलं, आज काही खरं नाही." बूट पंख्याखाली वाळत घातले होते.

नंतर घर विकत घेण्याबद्दल कुणी मला सल्ला विचारला की मी स्टेशनपासूनचं अंतर सांगायच्या आधी विचारते, पाळणाघर कुठे आहे. आई-वडील कुठे राहतात. तुमच्या दोघांतलं कोण आधी पोचतं. लोकांना हा प्रश्न खाजगी वाटतो. भाव विचारला तर वाटत नाही.

पुढे जे झालं ते वहीला माहीत असणं शक्यच नव्हतं. २००९ मध्ये नवऱ्याचं ऑफिस फोर्टातून उठून बीकेसीत गेलं. ज्या आठ तेराच्या फास्टसाठी आम्ही गाव बदललं ती आता त्याला कुर्ल्याला उतरवू लागली, आणि कुर्ला पश्चिमेला शेअर रिक्षाच्या रांगेत पावसात उभं राहणं हा नवा धडा सुरू झाला. रेल्वेनं जे कमावून दिलं ते शेवटच्या चार किलोमीटरात जायचं. माझा कारखाना त्याआधीच बंद पडत आला होता. मी ठाण्यात नोकरी धरली, नौपाड्यात, स्टेशनपासून चालत. डोंबिवली ते ठाणे पंचवीस मिनिटं. त्याच्यासाठी घेतलेलं घर अकरा वर्षांनी माझ्या सोयीचं झालं आणि त्याच्या गैरसोयीचं. लेक तोवर किल्ली गळ्यात घालून स्वतः दार उघडायला लागली होती. सव्वासातचा आकडा माझ्या हाताला लागला तेव्हा त्याची गरजच संपली होती.

गाव सोडायचा विचार मात्र तेव्हा कुणाच्याच मनात आला नाही. फडके रोडवरची दिवाळी पहाट, गणेश मंदिर, पाडव्याची शोभायात्रा (ती १९९९ मध्ये सुरू झाली, आमच्या नव्या घराच्या पहिल्याच पाडव्याला), कोपऱ्यावरचा पोळीभाजीवाला, हे सगळं आम्ही घर बघताना मोजलं नव्हतं. ते फुकटात आलं. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या तेव्हा तर कितीतरी महिने स्टेशन हे नुसतं एक कुलूप लावलेलं आवार झालं. तेव्हा प्रथमच आम्ही या घरात दिवसभर राहिलो आणि लक्षात आलं की दुपारी तीनला स्वयंपाकघरात फार सुंदर ऊन येतं. बावीस वर्षं ते ऊन कुणी बघितलेलं नव्हतं.

तर आता लेकीची यादी. मी तिला म्हटलं, घोडबंदर बघायला रविवारी जाऊ नका. पत्ता ठाण्याचा असतो, पण कासारवडवलीहून ठाणे स्टेशन आठ-दहा किलोमीटर, आणि संध्याकाळच्या त्या रस्त्यावर एवढ्या वेळात माझी गाडी डोंबिवलीहून ठाण्याला जाऊन परत येईल. मेट्रो झाली की हा हिशेब बदलेल, पण हप्ता मेट्रोची वाट बघत थांबत नाही. पलावा देखणं आहे, त्याला जवळचं स्टेशन निळजे, पण ते दिवा-पनवेल मार्गावर आणि तिथं गाड्या मोजक्या. म्हणजे शेवटी शीळ रस्त्यानं डोंबिवलीलाच यायचं. कळवा नकाशात ठाण्याला चिकटलेलं आहे, पण सकाळी गाडी तिथं येते ती काठोकाठ भरून. कळव्याची माणसं कारशेडमधून निघणाऱ्या गाडीत रुळांवरूनच चढतात ते काही हौस म्हणून नव्हे.

"मग ऐरोलीच घेऊ," लेक म्हणाली, "मी चालत जाईन."

"आणि तो?"

फोनमधून जावईबापू म्हणाले, "माझं बघू, काकू." चांगला मुलगा आहे. पण 'माझं बघू' हा रकाना मी आधी पाहिलेला आहे, फक्त बारीक अक्षरात दुसऱ्याच्या हस्ताक्षरातला.

बुधवारी संध्याकाळी मी तिच्या ऑफिसच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, चल, तू रोज जाशील तसंच जाऊ, मला वही भरायचीय. ती हसली, पण आली. माझ्या मनगटावर घड्याळ, तिच्या हातात फोन. सहा वीसला ऐरोली स्टेशन. ठाण्यापर्यंत गाडी बरी होती. ठाण्याला ट्रान्स हार्बरचा, म्हणजे ऐरोलीकडच्या गाड्यांचा, फलाट एका टोकाला. तिथून जिना चढून पुलावर, पुलावर समोरून येणारं आणि आपल्या बाजूचं असे गर्दीचे दोन लोट. पाच-सहा नंबरचा फलाट २०२४ मध्ये त्रेसष्ट तासांचा ब्लॉक घेऊन रुंद केलाय. रुंदी वाढली तेवढ्याच जास्त बायका आता तिथं उभ्या राहतात. दोन फास्ट सोडल्या. पहिलीत शिरता आलं नाही, दुसरी कसाऱ्याची होती आणि मी लेकीला दंडाला धरून मागं ओढलं. मग पुन्हा जिना, स्लोचा फलाट, आणि तिथली कल्याण लोकल.

गाडी मुंब्र्याच्या वळणाला तिरकी झाली तेव्हा दोघी काही बोललो नाही. पूर्वी फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. डब्यात एकदम काळोख, थंड ओला वास, आणि बोगदा संपला की सगळ्यांनी एकदम बोलायला लागायचं. २०२२ मध्ये नवे रूळ झाल्यापासून लोकल मुंब्र्यावरूनच जातात. ९ जून २०२५ च्या सकाळी याच वळणावर, एकमेकींना ओलांडणाऱ्या दोन गाड्यांच्या दारातली माणसं रुळांवर पडली आणि चौघं त्याच दिवशी गेली. लेक त्या सकाळी मागच्या गाडीत होती. तिनं मला फोन केला तो "मी आत आहे" एवढंच सांगायला.

दिव्याला फाटक होतंच. मी सवयीनं वाहनं मोजायला लागले. अकरा.

डोंबिवलीला उतरलो तेव्हा सात एकेचाळीस. पूर्वेचा जिना उतरून आम्ही उगाचच काकूंच्या गल्लीतून वळलो. काकू जाऊन चार वर्षं झाली. इमारत पुनर्विकासाला गेलीय, पत्रे ठोकलेत, पायरी होती तिथं सिमेंटच्या गोणी. लेक थांबली.

"मला इथं बूट घालून बसवायच्या," ती म्हणाली. "मला आवडायचं ते. बूट घातले की तू यायचीस."

मी काही बोलले नाही. मला वाटत होतं, तिला ते आठवत नसेल.

घरी आल्यावर तिनं बापाकडे वही मागितली. त्यानं माळ्यावरून काढून, धूळ झटकून, कोरं पान उघडून दिली आणि पट्टीही दिली. तिनं रकाने आखले. जाताना, येताना. डोंबिवलीपुढे 'येताना' मध्ये एक तास एकवीस लिहिलं. मग होणाऱ्या नवऱ्याला फोन लावला. तो कुर्ल्याला होता, मागं हॉर्न आणि रिक्षावाल्यांची आरडाओरड.

"ऐक, ऐरोलीला घर घेतलं तर तू संध्याकाळी किती वाजता पोचशील? खरं सांग. अंदाजे नको."

पलीकडे बराच वेळ नुसते हॉर्न.

"सांगता येत नाही गं," तो म्हणाला. "अजून रांगेतच आहे."

तिनं ऐरोलीच्या ओळीत त्याच्या नावाखाली, सरळ ठळक अक्षरात लिहिलं: सांगता येत नाही. आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "आता कळवा. उद्या कोण येतंय माझ्याबरोबर?"

नवऱ्यानं शब्दकोडं बाजूला ठेवलं.